हेडी, बैल आणि खानदेशातली काळी जमीन

रावेर तालुक्यातलं सावदा आज केळीमुळे ओळखलं जातं. इंग्रजी अमदानीतल्या इंपिरियल गॅझेटियरमध्ये या गावावर मोजक्याच ओळी आहेत. निजामाने १७६३ मध्ये सावदा पेशव्यांना दिलं आणि पुढे ते सरदार रास्त्यांकडे गेलं, एवढा इतिहास सांगून ती नोंद बाजाराकडे वळते. कापूस, हरभरा, जवस आणि गहू यांचा व्यापार मोठा आहे आणि आठवडे बाजारात निमाड-वऱ्हाडाकडची मोलाची जनावरं विक्रीला येतात, असं त्यात म्हटलं आहे. त्याच नोंदीत १८५२ सालच्या दंग्याचाही उल्लेख आहे. सरकारने जमीनमोजणी सुरू केली म्हणून दहा ते पंधरा हजार लोक सावद्याला जमले आणि फौज आल्याशिवाय पांगले नाहीत.

गुरांचा बाजार आणि जमिनीची मोजणी या दोन गोष्टी त्या नोंदीत शेजारी शेजारी आल्या आहेत, पण त्यांचा संबंध तिथे कुणी जोडलेला नाही. तो जोडला की एकोणिसाव्या शतकातल्या खानदेशातला एक महत्त्वाचा आणि आज जवळजवळ विसरला गेलेला माणूस समोर येतो. तो म्हणजे हेडी, गुरांचा व्यापारी. सावकारावर पुष्कळ लिहिलं गेलं, पाटील-देशमुखांवरही लिहिलं गेलं. पण दावणीला शे-दीडशे बैल बांधून गावोगाव फिरणारा आणि उतारवयात शेकडो बिघे काळ्या जमिनीचा धनी होणारा हेडी कुणाच्या लेखणीत फारसा आला नाही. त्याचं आयुष्य समजून घ्यायचं तर आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. त्या काळच्या खानदेशात तोटा जमिनीचा नव्हता, बैलांचा होता.

शतकाच्या सुरुवातीची अवस्था पाहा. होळकरांच्या फौजांची धामधूम आणि १८०३-०४ चा दुष्काळ यांत खानदेश अक्षरशः उजाड झाला. धुळे तर पुरतं ओस पडलं होतं. विंचूरकरांच्या पदरी असलेल्या बाळाजी बळवंत यांनी दुष्काळानंतर ते पुन्हा वसवलं आणि त्याबद्दल त्यांना इनामं मिळाली. तेवढ्यात पेंढाऱ्यांचा उपद्रव सुरू झाला. गढ्यागढ्यांतून अरब शिबंदी मुजोर झाली होती आणि सातपुड्यातून, सातमाळ्यातून भिल्लांच्या धाडी येत होत्या. १८१८ मध्ये मुलूख इंग्रजांकडे गेला, कॅप्टन ब्रिग्ज पहिले अधिकारी म्हणून आले आणि त्यांनी धुळ्याला मुख्य ठाणं केलं. तेव्हा तापी, गिरणा आणि पांझरेच्या काठची उत्तम काळी जमीन मैलोन् मैल पडीक होती. बाभूळ-बोरी माजल्या होत्या आणि दिवसाढवळ्या वाघ फिरत होते.

अशी जमीन सरकार कौलाने द्यायला तयार होतं. पहिल्या वर्षी नाममात्र सारा आणि मग दरसाल थोडा थोडा चढता, असा तो व्यवहार असे. मागेल त्याला जमीन मिळत होती, पण ती मोडायची कशाने? काळ्या जमिनीला एकदा हरळी आणि कुंदा लागला की त्याची मुळं हातभर खोल जातात. ती उपटायला लाकडी नांगराला तीन-तीन, चार-चार बैलजोड्या जुंपाव्या लागत. एकदा जमीन साफ झाली की मग वखर पुरतो. दरवर्षी नांगरट करावीच लागत नाही आणि वखराला एक जोडी बास होते. म्हणजे पहिल्या वर्षाचा उंबरठा ओलांडायला सहा-आठ बैल हवेत आणि नंतर आयुष्यभर दोन. गरीब कुणबी अडायचा तो त्या पहिल्या वर्षी. ज्याच्या दावणीला बैल उभे होते, त्याच्यासाठी मात्र सगळा मुलूख मोकळा होता. सरकारला हे कळत नव्हतं असं नाही. बैल आणि बियाणं घ्यायला तगाई देण्याची रीत पेशवाईतही होती, ती इंग्रजांनी चालू ठेवली. पण तगाई म्हणजे रोकड. बैल आणायचा तो हेड्याकडूनच.

हे बैल येत कुठून? खानदेशातल्या गावठी गाईंचं खोंड बहुतेक लहान चणीचं, हलक्या कामाचं असे. भारी नांगराला, मोटेला आणि लांबच्या गाडीवाटेला दणकट बैल लागे. सातपुड्यापलीकडच्या निमाडातून तांबड्या अंगावर पांढरे डाग असलेला निमाडी बैल येई. माळव्यातून पांढरा-करडा माळवी, तर वऱ्हाडातून तिकडची गुरं येत. पश्चिमेला डांगातला डांगी होता. हा पावसाचा, भाताच्या चिखलाचा बैल, त्यामुळे काळ्या रानात त्याला तेवढी मागणी नव्हती. आणि खुद्द सातपुड्याच्या पायथ्याशी ठेलारी लोकांचे कळप होते. खिल्लार जातीच्या बैलांचे जे प्रकार मानले जातात, त्यांत आटपाडी महाल, म्हसवड आणि नकली यांच्यासोबत तापीकाठचा खिल्लारही धरतात, तो या ठेलाऱ्यांनी जोपासलेला. काटक, चपळ, तापट आणि चालीला बिनतोड. पाळणारा ठेलारी बाजारात बसत नसे. त्याच्या कळपातून खोंड निवडून आणणं, त्याला वेसण घालून कामाला शिकवणं आणि मग गिऱ्हाईक गाठणं हे हेड्याचं काम होतं.

या धंद्यात एकाच जातीचे लोक होते असं नाही. मुसलमान होते, लमाण-वंजारी होते, कुणबी आणि गुजरही होते. लमाणांचं तर सारं आयुष्यच बैलाच्या पाठीवर चाललेलं. कोकणातून मीठ वर आणायचं आणि खाली कापूस-धान्य न्यायचं. एका बैलाच्या पाठीवर शंभर-सव्वाशे किलो ओझं आणि चरत चरत दिवसाला सहा-सात मैलांची मजल. एकेका तांड्यात शेकडो बैल असत. जनावराची जितकी पारख लमाणाला होती तितकी क्वचितच कुणाला असेल. पुढे वाहतूक बसली तेव्हा त्यांच्यातले काही जण गुरांच्या व्यापारात स्थिरावले, त्याचं कारण हेच.

वाट सोपी नव्हती. निमाडातली गुरं आणायची मोठी वाट म्हणजे मुंबई-आग्रा रस्ता: सेंधवा घाट, पळासनेर, शिरपूर, सावळद्याजवळ तापीचा उतार, नरडाणा, सोनगीर, धुळे. घाटांच्या राखणीचे हक्क भिल्ल नाईकांकडे परंपरेने होते. हेड्याने नाईकाला मान आणि दाम दिला तर कळप सुखरूप उतरे, नाहीतर रात्रीत निम्मा गायब. १८२५ मध्ये औट्राम या इंग्रज अधिकाऱ्याने भिल्ल पलटण उभी केली आणि बऱ्याच नाईकांना पगारी रखवालदार केलं, तेव्हा या वाटा थोड्या शांत झाल्या. सेंधवा घाटाची राखण करणारे खाज्या नाईक अशांपैकीच. १८५७ मध्ये त्यांनी बंड पुकारलं, आग्रा रस्त्यावर सरकारी खजिना लुटला आणि एप्रिल १८५८ मध्ये अंबापाणीच्या डोंगरात इंग्रज फौजेशी मोठी लढाई झाली. घाटातल्या नाईकाशी असलेला स्नेह हे हेड्याचं भांडवल होतं, आणि अशा एका वर्षात ते भांडवल धुऊन जाई.

आता बाजारात जरा थांबू, कारण हेड्याची खरी विद्या तिथे दिसते. खानदेशात बैलांचा बाजार तेजीत येतो तो आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, पुढेमागे. सालदारांचं साल आखाजीला संपतं, नवे सालदार ठरतात आणि मृगापूर्वी जोडी दावणीला हवी असते. बैलाला वरच्या जबड्यात पुढे दात नसतात, खाली आठ असतात. वेसण धरून तोंड उघडलं की वय कळतं. दुधाचे दात असतील तर आदत. मग दोन दाती, चार दाती, सहा दाती आणि पाचेक वर्षांचा झाला की जुळलेला. जुळलेल्या बैलाचं पुढचं वय दातांच्या झिजेवरून आणि शिंगावरच्या वळ्यांवरून ताडायचं. तिथेच कच्चा माणूस फसतो. मग खांद्यावरून हात फिरवायचा. जुवाने खांदा आला असेल तर कातडी जाड आणि दुखरी लागते. खूर पाहायचे, भोवरे पाहायचे. मागचं पाऊल पुढच्या पावलाच्या ठशावर पडतं का ते चालवून पाहायचं. जुंपल्यावर मध्येच बसणारा बैल बाजारात कितीही देखणा दिसला तरी शेतकऱ्याचा हंगाम बुडवतो. म्हणून जाणता शेतकरी गाडीला जुंपून दाखवल्याशिवाय विसार देत नसे आणि खोडीची बोली आधीच करून घेई.

भाव ठरायचा तो उपरण्याखाली. दलाल आणि गिऱ्हाईक एकमेकांचे हात हातात घेत, वरून उपरणं टाकत आणि बोटं दाबून आकडा सांगत. एक बोट, दोन बोटं, पुरा पंजा. शेकडा की दहाई हे कुजबुजत सांगायचं. भोवती वीस माणसं उभी असली तरी कुणाला पत्ता लागत नसे. या गुप्ततेला रोकडा हिशेब होता. रोखीने घेणाऱ्याला एक भाव, दिवाळीच्या वायद्यावर घेणाऱ्याला दुसरा, आणि गेल्या सालची बाकी अंगावर असलेल्याला तिसरा. हे तीन भाव एकाच दिवशी एकाच दावणीवर उघड झाले असते तर धंदाच मोडला असता.

हेडी जमीनदार कसा झाला याचं उत्तर या वायद्यात आहे. शेतकऱ्याला बैल लागतो ज्येष्ठात आणि पैसा हाती येतो कापूस विकल्यावर. मधले सहा महिने हेडी थांबायचा. त्या थांबण्याचं व्याज तो वेगळं लावत नसे, बैलाच्या किमतीतच धरत असे. म्हणून त्याच्या वहीत व्याज दिसणार नाही, पण ते असे, आणि चांगलं जबर असे. त्यात जोखीमही होती. घेणारा पळून गेला, पीक बुडालं तर उधारी बुडाली. दुसरीकडे शेतकऱ्याचं दुःख असं की बैल मेला तरी त्याचं देणं उरायचं. श्रावणात घटसर्पाने बैल गेला तर दुसरा त्याच हेड्याकडून, पुन्हा वायद्यावर. दोन बैलांचं देणं एका पिकातून फिटणार कसं?

इथे १८५२ ची मोजणी येते. विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी घातलेल्या मुंबई पद्धतीत प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर मिळाला, तीस वर्षांसाठी सारा ठरला आणि कब्जेदाराला ते शेत विकायचा व गहाण टाकायचा स्पष्ट हक्क मिळाला. एरंडोल, सावदा, फैजपूर इथे लोक खवळले ते सारा वाढेल, जुन्या सवलती जातील या भीतीने. फौजेने दंगा मोडला आणि मोजणी पुरी झाली. तिचा खोल परिणाम पुढे पंचवीस-तीस वर्षांनी दिसला. पूर्वी देणेकरी बुडाला तर धनको त्याचे बैल ओढून नेई, धान्य उचले, फार तर त्याच्या दारात धरणं धरून बसे. जमिनीला पैशाचं मोल बेताचंच होतं. आता कागदावर नंबर आला, हद्द आली, मोल आलं. गहाणखत, मग दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा, मग खरेदीखत. बैलाच्या किमतीत शेत जाऊ लागलं. माझ्या मते खानदेशातल्या जमिनीच्या हस्तांतराची गोष्ट केवळ सावकाराच्या तिजोरीतून सांगितली तर अर्धीच सांगितली जाते. तिचा दुसरा अर्धा भाग गोठ्यात आहे.

कापसाने या सगळ्याला वेग दिला. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईचा भाव आकाशाला भिडला. कलेक्टर अॅशबर्नर यांनी खानदेशात वऱ्हाडी-हिंगणघाटी बियाण्याचा हट्टाने प्रसार केला. उरलंसुरलं पडीक रान मोडायला जो तो धावला आणि बैलाचा भाव कापसाबरोबर चढला. १८६५ मध्ये थळ घाटातून रेल्वे सुरू झाली, १८६७ ला भुसावळहून नागपूर आणि १८७० पर्यंत खांडवामार्गे जबलपूर जोडलं गेलं. रेल्वे आली आणि बैलाची गरज संपली, असं वाटणं साहजिक आहे. लमाणांच्या पाठीवरच्या वाहतुकीबाबत ते खरंही ठरलं. त्यांचे तांडे दहा-पंधरा वर्षांत मोडले. गाडीबैलाची मागणी मात्र वाढली. चोपड्याचा, पारोळ्याचा, धरणगावचा कापूस स्टेशनपर्यंत न्यायला गाड्याच लागत आणि तोही सगळा एकाच हंगामात. ज्या हेड्याने हे वेळेवर ओळखलं, त्याने नांगराच्या बैलाबरोबर गाडीचे बैल आणायला सुरुवात केली. खानदेशातले पुढचे जमीनदार पुष्कळसे कापसाच्या आणि रेल्वेच्या या वीस वर्षांत घडले.

जमीन हाती आली तरी हेड्याची राहणी एकदम बदलत नसे. धाब्याचं मातीचं घर, पुढे प्रशस्त गोठा आणि मागे कडब्याच्या गंजी. शेत बहुधा बटईने जुन्याच मालकाला कसायला दिलेलं. गंमत अशी की बैलही हेड्याचाच असेल तर उत्पन्नातला वाटा आणखी मोठा. म्हणजे तोच माणूस, तेच शेत, तोच बैल, फक्त धनी बदललेला. गावातला मान मात्र पैशाबरोबर येत नसे. पोळ्याला तोरणाखालून पहिली जोडी जायची ती पाटलाची. पाटलाच्या जोडीहून देखणे दहा बैल हेड्याच्या दावणीला असले तरी त्याची जोडी मागेच राहायची. मुलगी देता-घेता वतनदार आणि ‘ढोरं विकणारा’ हा फरक दोन-दोन पिढ्या पुसला जात नसे.

या वैभवाचा पाया मात्र जनावराच्या जिवावर होता आणि जनावर मरत होतं. बुळकांडीची साथ आली की आठवड्यात गावचे गोठे रिकामे व्हायचे. साथ पसरायची बाजारातून, आणि एका बाजारातून दुसऱ्या बाजारात गुरं नेणारा हेडी नकळत तिचा वाहक व्हायचा. सरकारने हॅलन यांच्या अध्यक्षतेखाली गुरांच्या साथींची चौकशी करायला आयोग नेमला, त्याचा अहवाल १८७१ मध्ये आला. १८८६ मध्ये मुंबईला पशुवैद्यकीय महाविद्यालय निघालं, १८८९ मध्ये पुण्यात जीवाणूंची प्रयोगशाळा सुरू झाली. पण गावातल्या गोठ्यापर्यंत लस पोचायला पुढचं शतक उजाडावं लागलं. तोवर उपाय एकच: आजारी जनावर वेगळं बांधायचं आणि मरीआईला नवस बोलायचा.

दुसरा घाला आला तो चराईवर. १८७१ च्या कायद्याने कोंडवाड्यांचा जाच वाढला. भटकलेलं ढोर सोडवायला दंड भरावा लागे. १८७८ च्या जंगल कायद्याने सातपुड्याची रानं राखीव होऊ लागली. जिथे ठेलाऱ्यांचे कळप पिढ्यान् पिढ्या चरत, तिथे परवाना, फी आणि फॉरेस्टचा शिपाई उभा राहिला. महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये पुऱ्या केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्याने शेतकऱ्याच्या गुरांची चराई कशी हिरावली यावर जळजळीत लिहिलं आहे, ते खानदेशालाही तंतोतंत लागू होतं. गायरान आक्रसलं, गाय पाळणं महाग झालं, घरचं खोंड मिळेनासं झालं. त्यामुळे बाजारचा बैल विकत घेणं आणखी अटळ झालं. सरकारचा कायदा जंगल राखण्यासाठी होता. त्याने हेड्याचं गिऱ्हाईक वाढवलं आणि त्याचा पुरवठा तोडला, दोन्ही एकदम.

१८९९ चा पाऊस गेला आणि हे सगळं एका वर्षात उघडं पडलं. गुजरात-राजस्थानात ज्याला छप्पनिया म्हणतात, तो हा दुष्काळ. त्यात आधी माणसाचं धान्य नाही, जनावराचा चारा संपला. कडब्याचा भाव बैलाच्या भावाहून जड झाला. शेतकरी चांगल्या जोड्या मिळेल त्या पैशाला सोडू लागले, आणि घ्यायला कुणी नव्हतं. हेड्यांमध्ये दोन तऱ्हा झाल्या. ज्याच्याकडे नुसते बैल होते तो बुडाला, त्याच्या डोळ्यांसमोर दावण रिकामी झाली. ज्याच्याकडे जमीन आणि कडब्याच्या जुन्या गंजी होत्या, त्याने थोडे बैल जगवले. पुढच्या मृगाला पाऊस आला तेव्हा मुलखात जुंपायला बैल नव्हते आणि जगवलेल्या त्या जोड्यांना मागेल तो भाव मिळाला. बैल घ्यायला कर्ज देणारा १८८४ चा कायदा होता आणि तगाई वाटलीही गेली. पण बाजारात बैलच मोजके, तेव्हा सरकारचा पैसा वाढलेल्या भावावाटे त्या मोजक्या हातांतच गेला. दुष्काळानंतर खानदेशात जमीन अधिक थोड्या हातांत गेली, याचं एक कारण हेही आहे.

हेड्याला खलनायक ठरवून मोकळं होणं मला पटत नाही. ओसाड मुलखात नांगर चालला तो त्याने घाट ओलांडून आणलेल्या बैलांवर. ते काम ना सरकारने केलं, ना वतनदारांनी. पण त्याच्या वायद्यात हजारो कुणबी, कोळी, भिल्ल कुटुंबांच्या जमिनी गेल्या, हेही तितकंच खरं. भिल्लांच्या बाबतीत तर ते फार लवकर आणि फार स्वस्तात घडलं. एक जोडी आणि दोन सालांची बाकी एवढ्यावर नंबर दुसऱ्याच्या नावे झाले.

१९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, तेच पुढे जळगाव आणि धुळे. सावदा, चोपडा, वरखेडी इथे आजही बैल बाजारात उभे राहतात. सारंगखेड्याच्या दत्ताच्या यात्रेची कीर्ती घोड्यांची असली तरी बैलांचा व्यवहारही तिथे जुना आहे. ट्रॅक्टरने त्या बाजारांचा जोर ओसरला आहे.

वाचकांना, विशेषतः तापी-गिरणा-पांझरेकाठच्या जुन्या घरांतल्या वाचकांना, एक विनंती आहे. माळ्यावर लाल कापडात बांधलेल्या मोडीतल्या वह्या असतील, बैलांच्या उधारीच्या चिठ्ठ्या, गहाणखतं, खरेदीखतं असतील, तर ती रद्दीत घालू नका. धुळ्याला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळ १९२७ पासून अशा कागदांची जपणूक करत आलं आहे. तिथे ती नेऊन दाखवा. कुठल्या साली, कुणाकडून, किती दाती जोडी, किती रुपयांना आणि कोणत्या वायद्यावर घेतली, एवढी एक ओळ जरी वाचता आली, तरी खानदेशाच्या शेतीच्या इतिहासात ती मोलाची भर ठरेल.